स्कॉलरशिप, मॅडम आणि छज्ज्याखालचं ग्रिल

गेल्या महिन्याभरात चार ज्युनिअर्सनी मेसेज करून एकच विचारलंय, ती मेंटॉरवाली स्कॉलरशिप तुला कशी मिळाली, फॉर्म भरू का, इंटरव्ह्यूत काय विचारतात, आणि मेंटॉर म्हणजे नक्की काय, ते डोकं खातात का? चौघांना वेगवेगळं टाइप करून बोटं दुखली म्हणून इथे एकदाच सगळं लिहून टाकते. डोकं खातात. पुढचं वाचा.

ज्या ट्रस्टची स्कॉलरशिप आहे त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण पुढे थोड्या तक्रारी पण आहेत आणि मला अजून दोन हप्ते यायचेत. :)

तर आधी थोडं मागचं. बारावीला मला ७८ टक्के. आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटण्याइतपत ठीक, पण 'इन्स्पायर'साठी काहीच नाही, कारण त्यात मुख्यतः बोर्डाच्या टॉप एक टक्क्यात यावं लागतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान खात्याची ही इन्स्पायर स्कॉलरशिप बेसिक सायन्स घेणाऱ्यांसाठी असते, वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळ्यात कुणाच्या तरी हाताखाली प्रोजेक्ट करण्यासाठी. म्हणजे मेंटॉर हा प्रकार तिथेही आहेच. पूर्वी केव्हीपीवाय नावाची केंद्राचीच आणखी एक स्कॉलरशिप पण होती, १९९९ पासून, तिची परीक्षा द्यायला माझी मावसबहीण वर्षभर क्लासला जायची, पण ती २०२२ मध्ये इन्स्पायरमध्ये विलीन झाली त्यामुळे माझ्या वेळेला तो रस्ताच नव्हता. इंजिनिअरिंगच्या मुलींना एआयसीटीईची (तंत्रशिक्षण परिषदेची) 'प्रगती' असते, वर्षाला ५० हजार, पण मी बीएस्सी केमिस्ट्री घेतलेलं त्यामुळे तीही नाही. (बीएस्सी का घेतलंस, इंजिनिअरिंग का नाही, हे मला आजवर काका, आत्या, खालचा इस्त्रीवाला आणि एकदा रिक्षावाल्याने विचारलंय. मला केमिस्ट्री आवडतं, बस.)

मग सेकंड इयरला असताना कॉलेजच्या नोटीस बोर्डवर, म्हणजे खरं तर नोटीस बोर्डच्या काचेला बाहेरून सेलोटेपने चिकटवलेला, एक कागद दिसला. सायन्स आणि इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी, दोन वर्षं, महिन्याला ४ हजार, उत्पन्नाची अट, केटी (राहिलेला विषय) नको, आणि खाली बारीक अक्षरात, मेंटॉरला महिन्यातून दोनदा भेटणं आणि एक प्रोजेक्ट पूर्ण करणं बंधनकारक. मी ४ हजार वाचलं. बारीक अक्षरं वाचून मनात म्हटलं, बघू, एखादं चार्ट पेपरचं काहीतरी करून देऊ.

कागदपत्रांचं जास्त सांगत नाही, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाइड, मार्कशीटच्या झेरॉक्स, बँक पासबुकचं पहिलं पान. दाखला आधी काढा. फॉर्मची तारीख यायच्या आधी काढा. मी बोनाफाइडसाठी तीन वेळा खिडकीवर गेले आणि तिन्ही वेळा जेवणाची सुट्टी होती, ही सुट्टी साडेअकरालाही असू शकते हे मला तेव्हा कळलं.

खरी गंमत एसओपीची. पाचशे शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं होतं. मी एका सीनिअरची गूगल डॉकमधली एसओपी घेतली, तिने कुणाची तरी घेतली होती, आणि त्यात इकडून तिकडून शब्द बदलले. लहानपणापासून मला ताऱ्यांकडे बघून कुतूहल वाटायचं वगैरे. भांडुपला तारे! आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची ड्रेनेजची पाइपलाइन दिसते. आणि वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी लिहिलं, स्मॉल बिझनेस.

पप्पांचा फॅब्रिकेशनचा गाळा आहे. गाळा म्हणजे दहा बाय पंधरा, एक वेल्डिंग मशीन, एक कटर, दोन ग्राइंडर, एक ड्रिल आणि एक कायम चहा आणायला गेलेला मुलगा. खिडक्यांची ग्रिल्स, सेफ्टी डोअर, जिन्याची रेलिंग असली कामं. मला त्याची लाज वाटत होती असं नाही म्हणणार, पण ताऱ्यांच्या बाजूला ग्रिल बरं दिसेना.

इंटरव्ह्यू फोर्टात एका जुन्या इमारतीत, लाकडी जिना, लिफ्ट बंद. समोर तिघं. दोन सर आणि कोपऱ्यात एक मॅडम, पांढरे केस, कॉटनची साडी, काही बोलेनात. एका सरांनी पिरिऑडिक टेबलवर दोन सोपे प्रश्न विचारले, दुसऱ्यांनी विचारलं वडील काय करतात.

"स्मॉल बिझनेस आहे सर."

"कशाचा?"

"फॅब्रिकेशनचा."

"म्हणजे नक्की काय?"

"ग्रिल बनवतात सर."

सर पुढच्या प्रश्नावर गेले. कोपऱ्यातल्या मॅडमनी मात्र पहिल्यांदाच पेन उघडलं आणि काहीतरी लिहिलं. मला वाटलं गेलं, उत्पन्नात काहीतरी गडबड वाटली असणार यांना.

दोन आठवड्यांनी मेल आला, सिलेक्टेड. आणि खाली मेंटॉर म्हणून त्याच मॅडमचं नाव.

मॅडम रिटायर्ड. आयुष्यभर केमिकल प्लांटमध्ये पाइप आणि टाक्या कशा गंजतात आणि त्या गंजू नयेत म्हणून काय करायचं हे बघत होत्या. म्हणजे गंज हाच त्यांचा धंदा. राहायला मुलुंडला, भेटायची जागा स्टेशनजवळचा एक उडपी, दर दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊ वाजता, कारण त्यानंतर तिथे बसू देत नाहीत. पहिल्या भेटीत मी वही, दोन पेनं आणि चेहऱ्यावर उत्सुकता घेऊन गेले. त्यांनी फिल्टर कॉफी मागवली, पर्समधून माझ्या एसओपीचा प्रिंट काढला आणि म्हणाल्या,

"हे तू लिहिलंस?"

"हो मॅडम."

"बरं. 'इनेट क्युरिऑसिटी' म्हणजे काय गं?"

मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी ऐकून घेतलं, तो प्रिंट उलटा केला, कोऱ्या बाजूला माझं नाव लिहिलं आणि सांगितलं की पुढच्या वेळी तुला खरंच पडलेले दहा प्रश्न घेऊन ये, पुस्तकातले नको, नेटवरचे नको.

मी पंधरा दिवसांनी दहा प्रश्न नेले. नॅनोपार्टिकल्सने पाणी शुद्ध होईल का, ग्रीन केमिस्ट्रीने प्रदूषण कमी होईल का, असे. मॅडम एकेक वाचत गेल्या आणि प्रत्येकासमोर पेन्सिलने एकच शब्द, 'कुणाचा?' म्हणजे हा प्रश्न नक्की कुणाला पडलाय. दहापैकी दहा. नववा तर मी अकरावीच्या निबंधातून उचलला होता, तो त्यांनी कसा ओळखला देव जाणे. मग म्हणाल्या, "तुझे वडील ग्रिल बनवतात ना? त्यांना विचार, गिऱ्हाईक कुठली तक्रार घेऊन परत येतं."

मला थोडा राग आला खरं सांगायचं तर. मी इथे सायन्स करायला आलेय आणि ह्या मला पप्पांचं गिऱ्हाईक विचारायला सांगतायत. ट्रेनमध्ये उभी राहून मैत्रिणीला व्हॉइस नोट पाठवली, दीड मिनिटांची, त्यात मेंटॉर बदलून मिळतो का हेही होतं. (नाही मिळत. सहा महिने तरी नाही.)

रात्री जेवताना विचारलं. पप्पा म्हणाले तक्रार एकच, गंज. आणि मग सहज, आमटी वाढून घेता घेता, "छज्ज्याखालचं आधी सडतं."

मी म्हटलं असं कसं, उलटं असणार. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन लागतो, म्हणजे ज्याला पाऊस लागतो ते आधी जाणार, छज्ज्याखालचं कोरडं राहतं ते टिकणार. सातवीपासून शिकतोय आपण. आईने पण माझी बाजू घेतली. पप्पा काही बोलले नाहीत, ताक प्यायले, म्हणाले रविवारी चल.

रविवारी स्कूटरवरून प्रभादेवीला. एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्यांना जुनं ग्रिल काढून नवीन बसवायचं होतं. समुद्र तिथून दिसत नाही पण वारा येतो, चष्म्यावर चिकट थर बसतो तसला वारा. पप्पांनी मला खिडकीत उभं केलं आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला. ग्रिलचा खालचा भाग बाहेर आलेला, पावसात भिजणारा, त्यावर रंग उडालेला, लालसर डाग, पण स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर टक्क वाजलं. मग वरची पट्टी, छज्ज्याच्या अगदी खाली, रंग बऱ्यापैकी शाबूत. तिथे टोचला आणि तो आत गेला. म्हणजे खरंच गेला, रंगाच्या आत लोखंड नव्हतंच, थरावर थर, खारी बिस्किटासारखे, नखाने सोलले की पापुद्रे हातात. मी एक पापुद्रा रुमालात बांधून घेतला. पप्पा मागून म्हणाले, "काय गं, सातवीत काय शिकवलं?"

पुढच्या शनिवारी तो पापुद्रा मी उडप्याच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी आधी तो बघितला, वास घेतला (हो, वास), मग माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, आता हा तुझा प्रश्न.

याचं उत्तर तसं कुठल्याही गंजाच्या पुस्तकात सापडतं, पण मला ते त्यांनी मिठाच्या बरणीवरून समजावलं. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं की नाही? साधं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की ओलं व्हायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तर ३३-३४ टक्क्यांपासूनच पाणी ओढतं. मुंबईत इतकी कोरडी हवा क्वचितच असते. वाऱ्याबरोबर हे मीठ उडत येतं आणि ग्रिलवर बसतं. जिथे पाऊस लागतो तिथलं मीठ धुऊन जातं. छज्ज्याखाली ते तसंच साचत राहतं, रात्री हवा दमट झाली की स्वतःच पाणी धरतं, म्हणजे लोखंडावर खारट पाण्याचा एक न दिसणारा थर, वाळतच नाही. त्यात क्लोराइड, जे गंजाचा वरचा थर नीट बसूच देत नाही. म्हणजे पप्पा बरोबर होते आणि कारणही केमिस्ट्रीच होतं, फक्त सातवीतलं नव्हतं.

"पण हे मी सांगितलं," मॅडम म्हणाल्या. "तू कशावरून म्हणशील?"

हे वाक्य त्या दर भेटीत निदान चारदा म्हणतात. कशावरून? आमच्या घरी आता आईपण म्हणते, भाजी महाग झाली म्हटलं तरी, कशावरून?

तर प्रोजेक्ट ठरला. लोखंडाच्या छोट्या पट्ट्या घ्यायच्या, वजन करायचं, काही उघड्यावर काही छज्ज्याखाली टांगायच्या, काही समुद्राजवळ काही लांब, आणि पावसाळा संपला की गंज काढून परत वजन करायचं. किती लोखंड गेलं ते कळतं. गंजाच्या अभ्यासातली ही सगळ्यात जुनी आणि स्वस्त पद्धत, आणि स्वस्त हे महत्त्वाचं, कारण स्कॉलरशिपचा पहिला हप्ता ऑगस्टमध्ये यायचा तो डिसेंबरमध्ये आला. मेल केला की उत्तर यायचं, अंडर प्रोसेस. फॉर्म भरणाऱ्यांनो, हे पैसे येतील असं धरून कुठलीही फी भरायचं कबूल करू नका, उधारी आईकडून घ्या, बाहेरून नको. आले तेव्हा मात्र तीन हप्ते एकदम आले, मी दोन दिवस बँकेचं अ‍ॅप उघडून नुसती बघत होते.

समुद्राजवळची जागा मिळाली ती आमच्या बॅचमुळे. बॅचमध्ये आम्ही अठरा जण, निम्मे इंजिनिअरिंगचे, आणि तिमाही मीटिंगला ते एका बाजूला बसायचे आम्ही एका बाजूला, लग्नात वरपक्ष वधूपक्ष बसतात तसे. त्यातला एक मेकॅनिकलचा, वरळी कोळीवाड्यातला. त्याला गच्ची विचारली तर म्हणाला गच्ची आजीची आहे, आजीला विचारावं लागेल. आजी म्हणाल्या पावसात वलांडी (मासे वाळत घालायची मांडणी) रिकामीच असते, बोंबील काय वाळणार, तिथे बांध तुझं लोखंड, पण ऊन पडलं की काढायचं, मग एक दिवस ठेवणार नाही. इतकी स्पष्ट डेडलाइन मला कुठल्याच प्रोफेसरने दिलेली नाही.

त्या मित्राने पट्ट्या टांगायचा स्टँड कॉम्प्युटरवर ड्रॉ केला, पंचेचाळीस अंशाचा उतार, तोंड दक्षिणेला, कारण उघड्यावरच्या टेस्टला तसंच ठेवतात. तीन दिवस ड्रॉइंग करत होता, थ्रीडी, गोल फिरवून दाखवायचा. पप्पांनी ते प्रिंट बघितलं, भंगारातला अँगल उचलला आणि चाळीस मिनिटांत दोन स्टँड बनवून बाजूला ठेवले. वर त्याला विचारलं, "हे फिरवून दाखवायचं का?"

पट्ट्याही पप्पांनीच कापल्या. २ एमएमचा पत्रा, ५ बाय साडेसात सेंटिमीटर, वर एक ५ एमएमचं भोक, आणि नंबर पंचने प्रत्येकीवर नंबर ठोकला, कारण पेनाने लिहिलेलं गंजात टिकत नाही. एका पट्टीचं सगळं मिळून क्षेत्रफळ बरोब्बर ८० चौरस सेंटिमीटर येतं, दोन मोठ्या बाजू आणि कडा धरून, मी खूश, इतका गोल आकडा. हिशोबाने वजन ५९ ग्रॅमच्या आसपास यायला हवं होतं, काट्यावर ५५ च्या आसपास आलं. मी म्हटलं भोक पाडलंय म्हणून असेल.

पहिली खेप मी वाया घालवली. पॉलिश पेपरने घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, चकचकीत करून कॉलेजच्या फोर डिजिट बॅलन्सवर वजन केलं, लॅब असिस्टंट काकांनी एसी लावून दिला, दार लावून घेतलं, वजन ग्रॅमच्या चौथ्या दशांशापर्यंत. मग बॉक्समध्ये ठेवल्या आणि घरी गेले. सकाळी उघडलं तर सात नंबरच्या पट्टीवर, अगदी मधोमध, तांबूस रंगात माझ्या अंगठ्याचा ठसा. रेषांसकट. आधार कार्डला इतका स्पष्ट कधी आला नव्हता. घामातलं मीठ आणि जूनची हवा, एका रात्रीत. बाकीच्याही नीट बघितल्या तर कडांना बोटं दिसत होती. सगळ्या परत घासल्या, परत वजन, ह्यावेळी हातमोजे आणि चिमटा. ठशाचा फोटो मॅडमना पाठवला, त्यांचा रिप्लाय, "छान. रिपोर्टमध्ये टाक."

बारा पट्ट्या. वरळीत तीन उघड्यावर तीन पत्र्याच्या छपराखाली, भांडुपला आमच्या गच्चीवर तशाच सहा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात टांगल्या. मधे मधे जाऊन फोटो काढायचे एवढंच काम. भांडुपची एक पट्टी ऑगस्टमध्ये गायब झाली, उघड्यावरची, नायलॉनचा दोरा कापलेला. सेक्रेटरींनी मीटिंगमध्ये विषय घेतला, गच्चीवर लोखंड लटकवू नये, मुलं खेळतात. पट्टी काही मिळाली नाही. मला वाटतं कुणीतरी पतंगाच्या मांजासाठी वजन म्हणून वापरली, पण कशावरून, सांगता येणार नाही.

सप्टेंबर संपता संपता ऊन पडलं आणि आजींचा फोन आला, नातवाचा नाही, आजींचा. लगेच जाऊन काढल्या.

गंज काढायचं सोल्युशन ठरलेलं असतं, अर्धा लिटर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, साडेतीन ग्रॅम हेक्सामाइन, बाकी पाणी घालून एक लिटर, त्यात दहा मिनिटं. हेक्सामाइन असतं ते चांगल्या लोखंडाला अ‍ॅसिडने खाऊ नये म्हणून. मी तीन पट्ट्या बुडवल्या, काढल्या, धुतल्या, वजन केलं, आणि उत्साहात मॅडमना फोन. त्या म्हणाल्या, कोरी पट्टी बुडवलीस का? कुठली कोरी? म्हणजे न गंजलेली. हेक्सामाइन असलं तरी अ‍ॅसिड थोडं चांगलं लोखंड खातंच, ते किती खाल्लं हे कळायला एक कोरी पट्टी सोबत बुडवायची आणि तिचं जितकं वजन गेलं तितकं बाकीच्यांतून वजा करायचं. हे मला माहीत होतं. वाचलं होतं, हायलाइटसुद्धा केलं होतं पिवळ्याने. तरी विसरले. नशीब पप्पांनी दोन पट्ट्या जास्त कापून ठेवल्या होत्या, एक कोरी म्हणून वापरली, एक उरली.

आता रिझल्ट. वरळीत छपराखालच्या तिन्ही पट्ट्यांनी उघड्यावरच्यांपेक्षा जास्त लोखंड गमावलं. भांडुपला उलटं, तिथे उघड्यावरच्या जास्त गेल्या. म्हणजे समुद्राजवळ पप्पा बरोबर, समुद्रापासून लांब सातवीचं पुस्तक बरोबर, बहुतेक तिथे मीठच कमी पोचतं म्हणून, मग नुसत्या भिजण्याचाच हिशोब उरतो. पप्पांना सांगितलं तर म्हणाले माझी जुनी गिऱ्हाइकं सगळी दादर-प्रभादेवीचीच, भांडुपवाल्याने आजवर तक्रार केलीय कुठे.

मी लगेच सुटले, मुंबईतल्या ग्रिलचा वर्षाला इतका मायक्रॉन नाश वगैरे. समजा एका पट्टीचं नव्वद दिवसांत एक ग्रॅम गेलं तर हिशोबाने वर्षाला ६५ मायक्रॉनच्या आसपास येतं, आणि आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानकांच्या) तक्त्यात ५० ते ८० म्हणजे सी-फोर, गंजाच्या दृष्टीने बऱ्यापैकी वाईट हवा. ऐकायला भारी वाटतं. मॅडमनी ते अख्खं पान काट मारून परत दिलं. तो तक्ता वर्षभराच्या टेस्टसाठी आहे, तू फक्त पावसाळा बघितलास. लोखंड सुरुवातीला भरभर गंजतं, नंतर वेग कमी होतो. एका गटात दोनच पट्ट्या उरल्यात. एकच वर्ष. 'मुंबईतल्या' हा शब्द काढ, 'या दोन गच्च्यांवर' असं लिही. माझा सव्वीस पानांचा रिपोर्ट चौदा पानांचा झाला.

हे सगळं करताना त्यांनी अजून एक केलं, मला बाकीच्या जागा दाखवल्या. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, टीआयएफआरचंच (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं), तिथे २००४ पासून एनआययूएस म्हणून कार्यक्रम चालतो, बीएस्सीच्या मुलांना फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत कॅम्पला बोलावतात आणि मग त्यातल्या काहींना गाइड देऊन प्रोजेक्ट करू देतात. भांडुपहून मानखुर्द, आणि मला तीन वर्षं नावही माहीत नव्हतं. शिवाय तीन सायन्स अ‍ॅकॅडमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची रिसर्च फेलोशिप देतात, देशात कुठल्याही लॅबमध्ये. दोन्हीचे फॉर्म बघून ठेवा. आणि एसओपी स्वतः लिहा प्लीज. माझी दुसरी एसओपी प्रभादेवीच्या स्क्रू-ड्रायव्हरपासून सुरू होते आणि त्यात एकही तारा नाही.

शेवटी प्रेझेंटेशन. परत फोर्ट, परत लाकडी जिना, दहा मिनिटं, पालकांना बोलावलं होतं. आई म्हणाली मला काही कळणार नाही, पप्पा म्हणाले मी येतो. इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले, बाजूला वरळीच्या आजी, त्या स्वतःहून आलेल्या, माझी वलांडी बघायची म्हणून. स्लाइड नंबर चारवर वलांडीचा फोटो आला तेव्हा त्यांनी जोरात "ती बघ" म्हटलं. प्रश्न तीन आले, दोन बरे गेले. पप्पांनी काही विचारलं नाही, टाळ्या वाजवल्या, बाहेर मॅडमना नमस्कार केला, मॅडम म्हणाल्या तुमचा गाळा बघायला यायचंय मला, पप्पा म्हणाले कधीही या मॅडम, फक्त पांढरी साडी नका नेसू.

सीएसएमटीहून स्लो ट्रेन, बसायला मिळालं. भायखळा गेल्यावर पप्पा म्हणाले, "तू तो पत्रा २ एमएम सांगितलास ना."

"हो, तुम्हीच तर म्हणालात."

"म्हणायला दोनचा. भंगारातला होता गं, दोनच्या पत्र्यात दोन कधी भरतो का."

घरी येऊन उरलेली पट्टी काढली, पप्पांचा व्हर्नियर लावला. १.८८. परत लावला, १.८८. म्हणजे क्षेत्रफळ ८० नाही, ७९.७. सगळी टेबलं परत. फरक काही नाही, तिसऱ्या आकड्यात कुठेतरी, कुणाला कळलंही नसतं. रात्री साडेनऊला मॅडमना फोन केला, वाटलं म्हणतील जाऊ दे.

"फरक किती पडला ते राहू दे," त्या म्हणाल्या. "५९ यायला हवे तिथे ५५ आले होते ना? तेव्हा तू काय केलंस?"

"मी म्हटलं भोक पाडलंय म्हणून."

"५ एमएमचं भोक. त्यातून किती लोखंड गेलं असेल?"

मी फोन कानाला धरूनच विजेच्या बिलामागे गणित केलं. ०.३ ग्रॅम.